कोरड्या महिन्यातली बाटली

इंदूकाकू, तुमच्या बाटल्या मी तपासल्याच नव्हत्या.

पहिल्या दोन वर्षांच्या तपासल्या. त्यानंतरची एकही नाही. तुम्ही गच्चीवर पाऊस जमवायचात, महिना संपला की तो बाटलीत काठोकाठ भरायचात, झाकण आवळून वर चिकटपट्टीवर महिना लिहायचात आणि मी आलो की माझ्या हातात ठेवायचात. मी ती बाटली पिशवीतून विद्यापीठात नेत होतो. प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या खालच्या कप्प्यांत त्या सगळ्या उभ्या होत्या. मी कपाट उघडायचो, बाटली ठेवायचो, कपाट लावायचो. पुढच्या भेटीत तुम्ही विचारायचात, "काय म्हणाला माझा पाऊस?" मग मी काहीतरी सांगायचो. जे सांगायचो ते मी रस्त्यात, गाडी चालवताना बनवलेलं असायचं.

तुम्हाला जाऊन अजून महिनाही झालेला नाही. एवढी वर्षं मी तुमच्या स्वयंपाकघरात बसून जे बोललो नाही, ते आता बोलतोय. याला काही अर्थ आहे का, मला माहीत नाही. पण तुम्ही गेल्यावर मला आणखी एक गोष्ट कळली. ती मी घाईने सांगणार नाही. घाई केली की मी स्वतःला सोडवून घेतो, हे आता मला माझ्याबद्दल ठाऊक झालंय.

आपण भेटलो ते इथे चंदीगडला, सुखना तळ्याच्या काठावर. मी दोरीला बाटली बांधून पाण्यात सोडत होतो आणि तुमचे कर्नलसाहेब मागून येऊन दरडावले, "ओ भाईसाब, क्या डाल रहे हो पानी में?" मी इतका दचकलो की दोरी निसटली आणि तोंडातून "आयला" निघून गेलं. साहेबांच्या मागून तुमचा आवाज आला, "अहो, ओरडू नका. आपल्यातलंच पोरगं आहे!" त्या वेळी मी चाळिशीला टेकलो होतो. मला पोरगं म्हणणारं या शहरात कोणी नव्हतं.

त्याच सकाळी तुम्ही मला सेक्टर सातमधल्या तुमच्या घरी चहाला नेलंत आणि तळ्यातलं पाणी कशाला चोरतोस, असं विचारलंत. मी मास्तरासारखं सांगायला लागलो. सगळं पाणी दिसायला सारखं, पण त्यातले काही कण किंचित जड असतात. ऊन लागलं की हलके कण आधी उडून जातात आणि जड मागे राहतात. तळ्याचं पाणी किती जड झालंय हे मोजलं की तळं किती आटलंय, त्याला ताजं पाणी मिळतंय की जुनंच साचून राहिलंय, हे कळतं. माणसाचं रक्त तपासतात तसंच हे. पुस्तकात याला स्थिर समस्थानिकं म्हणतात. पण तळ्यात पडणारा पाऊस मुळात केवढा जड होता, हे आधी ठाऊक असावं लागतं. नाहीतर ताडून बघायचं कशाशी?

तुम्ही कपात साखर ढवळत म्हणालात, "म्हणजे बासुंदी की रे. किती आटली ते कळायला मुळातलं दूध कसलं होतं ते ठाऊक पायजे. म्हशीचं का गायीचं."

मी वर्गात आजही हेच उदाहरण देतो. मुलांना फार आवडतं. तुमचं नाव मात्र कधी घेतलं नाही.

मला झाडं नसलेली एक गच्ची हवी होती आणि पाऊस पडला की लक्ष देणारं कोणीतरी. साहेब म्हणाले, "आमची छत घे. पक्का." पुढच्या रविवारी मी नरसाळं, नळी आणि डबा घेऊन आलो. साहेबांनी ते असं बसवलं की जणू तोफच बसवतायत. डब्यातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून मी तळाला थोडं पॅराफिन तेल ओतलं. पाऊस आला की ते वर तरंगतं आणि झाकणाचं काम करतं. तुम्ही कमरेवर हात ठेवून बघत होतात. "पावसाला फोडणी घातलीस व्हय? मोहरी राहिली." महिना संपला की तेलाच्या खालचं पाणी सिरिंजने ओढून बाटलीत भरायचं, हे मी तुम्हाला शिकवलं. बाटली उलटी धरून बघायची. आत बुडबुडा दिसला तर पुन्हा भरायची. त्या एवढ्याशा हवेतसुद्धा पाणी उडत राहतं आणि मग बाटलीतला पाऊस खरा राहत नाही. तुम्ही पहिलीच बाटली तीनदा ओतून पुन्हा भरलीत आणि साहेबांना म्हणालात, "याच्या बायकोचं कसं होत असेल?"

दोन वर्षं ते काम मी मनापासून केलं. पहिला आलेख मी छापून आणला, तो साहेबांनी फ्रिजवर लावला. आल्यागेल्याला ते दाखवायचे, "हमारी छत की बारिश है जी." तुमच्या बाटल्यांचे ठिपके एका सरळ रेषेत बसले होते. पावसाचे बसायला हवेत तसे. तळ्याच्या पाण्याचे ठिपके त्या रेषेवरून घसरून खाली गेले होते. "आटलेलं," तुम्ही बोट ठेवून म्हणालात. हो, आटलेलं.

मग प्रकल्पाची मुदत संपली. आमचं यंत्र बिघडलं ते बिघडलंच. मला दुसरी कामं लागली. मी ठरवलं होतं की येत्या रविवारी येऊन सांगायचं: काकू, आता थांबू या, खूप मदत झाली तुमची. तो रविवार यायच्या आधीच साहेब गेले. सकाळी फिरायला निघताना बुटाची नाडी बांधायला बसले आणि उठलेच नाहीत.

तेराव्याला घर माणसांनी भरलेलं होतं. फौजेतले लोक, शेजारच्या सरदारजींचं सगळं कुटुंब, कॅनडाहून आलेला तुमचा मुलगा विक्रम. मी निघताना तुम्ही फाटकापर्यंत आलात. "पावसाचं काम थांबणार नाही हं," तुम्ही म्हणालात. "साहेबांनी सुरू केलंय. आता मी करतो." तुम्ही कोल्हापूरकडच्या बायकांसारखं 'मी करतो', 'मी येतो' म्हणायचात. चाळीस वर्षं छावण्यांत राहूनही ते गेलं नव्हतं. मी म्हणालो, "हो काकू, तुम्हीच करा."

त्या क्षणी ती दया होती, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावलं. थोडी होतीही. पण खरं सांगायचं तर 'हो' म्हणणं सोपं होतं. शिवाय मलाही ते घर सुटायला नको होतं. माझ्या घरी आम्ही तिघं तीन खोल्यांत असतो. बायकोची नोकरी, मुलीचे क्लास. मुलगी मराठीत विचारलेल्याचं उत्तर हिंदीत देते. तुमच्या स्वयंपाकघरात मला कोणीतरी 'लेका' म्हणायचं आणि ताटात न विचारता भाकरी वाढायचं. बाटली हे माझंही निमित्त होतं. तेवढं जरी तेव्हा बोललो असतो, तरी चाललं असतं.

सुरुवातीला मी नुसतं "छान आहे" म्हणायचो.

"काय म्हणाला माझा पाऊस?"

"छान आहे, काकू."

"छान म्हणजे? मुलगी बघायला गेलावतास काय?"

मग मी तपशील द्यायला लागलो. जुलैचा पाऊस बंगालच्या उपसागरावरून आलाय. जानेवारीचा पश्चिमेकडून. या वेळचा ऑगस्ट गेल्या वेळेपेक्षा हलका आहे, म्हणजे मुसळधार पडला असणार. यातलं बरंचसं पुस्तकाप्रमाणे बरोबरच होतं. कोणत्या ऋतूतला पाऊस साधारण कुठून येतो, हे बाटली न उघडताही सांगता येतं. मी तुम्हाला पुस्तकातला पाऊस सांगत होतो आणि तुमचा पाऊस कपाटात होता.

त्यातूनच आपला तो वाद सुरू झाला. तुमचं म्हणणं, सुखना हिवाळ्यातल्या पावसावर जगते. "पावसाळ्यातला पाऊस धावत येतो नि धावत जातो. थंडीतला बसतो, मुरतो." मी म्हणायचो, काकू, हिवाळ्यात पडतो तो केवढासा! "केवढासा पडतो ते नको सांगूस. किती राहतो ते सांग. तुझ्या यंत्राला विचार की." यंत्राला विचारता आलं असतं. दोन्ही ऋतूंच्या पावसाचं वजन वेगळं असतं, आणि कोणाचा किती वाटा तळ्यात उरला याचा माग काढता आला असता. मी मान हलवायचो आणि म्हणायचो, "बघतो." तुमचा मुद्दा हसण्यासारखा नव्हता. मी हसून तो उडवून लावत होतो, कारण त्याचं उत्तर शोधायचं तर कपाट उघडावं लागलं असतं.

साहेबांनंतरचं दुसरं वर्ष असावं. नोव्हेंबर संपत आला होता, दिवाळी होऊन थोडेच दिवस झाले होते. तुमचा फोन आला, "नोव्हेंबरची बाटली तयार आहे. ने येऊन." मुलीला सेक्टर चौतीसच्या क्लासला सोडून मी आलो. ओट्यावर बाटली होती आणि शेजारी झाकलेलं ताट. मी ती बाटली पिशवीत घातली. पुढच्या वेळी, डिसेंबरात, तुम्ही विचारलंत तेव्हा मी तयारच होतो.

"नोव्हेंबरचा ना? तो तर फार लांबून आलाय, काकू. थेट भूमध्य समुद्रावरून. इराण, अफगाणिस्तान ओलांडून."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग हसायला लागलात. इतक्या हसलात की पदराने डोळे पुसावे लागले.

"अगं बाई, एवढ्या लांबून? दमला असेल की बिचारा!"

मीही हसलो. तुम्ही उठून डबा काढलात आणि उरलेल्या करंज्यांतली एक माझ्या ताटलीत ठेवलीत. "घे. त्याच्या वाटची तूच खा."

त्या करंजीची चव मला आठवते. सारण थोडं जास्त भाजलं गेलं होतं. मी दुसरीही मागून घेतली.

आणखी एक प्रसंग आहे. सांगायला जड जातोय, पण सांगतो. दोन वर्षांपूर्वी मला तळ्याच्या संदर्भात कॅपिटल कॉम्प्लेक्समधल्या एका सरकारी कार्यालयात बैठकीला बोलावलं होतं. तळ्याची तब्येत पुढची काही वर्षं कशी तपासायची, यावर बोलणं चाललं होतं. एका अधिकाऱ्यांनी मला सरळ विचारलं, "डॉक्टरसाब, अपने शहर की बारिश का कोई पुराना सँपल है किसी के पास?"

मी म्हणालो, "नहीं जी."

'हो' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग आजवर तपासले का नाहीत? म्हणून मी नाही म्हणालो. त्यांनी दुसऱ्या गावच्या पावसाचे आकडे घ्यायचं ठरवलं. मी मान डोलावली. त्याच आठवड्यात तुम्ही माझ्या हातात नवी बाटली दिलीत आणि विचारलंत, "सरकारी मिटिंगला गेलावतास ना? आपल्या पावसाचं सांगितलंस का त्यांना?"

"सांगितलं," मी म्हणालो.

तुम्ही बराच वेळ पीठ मळत राहिलात. मग पाठमोऱ्याच म्हणालात, "बोल की रे काहीतरी. तोंडात काय गुळणी धरलीय?"

"कुठे काय," मी म्हणालो.

"बरं."

त्या 'बरं'नंतर तुम्ही वळून माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, तुम्ही दमला आहात. त्या दिवशी तुम्ही विचारलंत, मी बोललो नाही, आणि तुम्ही मला दुसरी भाकरी वाढलीत. आता रोज ते पीठ मळणारे हात डोळ्यांसमोर येतात.

जानेवारीच्या शेवटी तुमचा फोन आला. आवाज खोल गेला होता. "बाटली भरलीय. ये, घेऊन जा." मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात येतो, परीक्षेचे पेपर पडलेत. "ये तुझ्या सवडीने. पाऊस काय पळून जात नाही." पुढच्या आठवड्यात मी आलो नाही. त्यापुढच्या आठवड्यात विक्रमचा फोन आला. मला वाटलं कॅनडाहून आहे. तो इथूनच बोलत होता.

सेक्टर पंचवीसच्या स्मशानात माणसं थोडी होती. विक्रम पायांकडे बघत उभा होता. त्याला मराठी सगळं कळतं, पण बोलताना हिंदीच येते. घरी परतल्यावर त्याने फ्रिज उघडला, दारातून बाटली काढली आणि माझ्यापुढे धरली. "अंकल, मम्मी ने कहा था ये आपकी है. हॉस्पिटल जाते वक़्त भी बोल रही थी, प्रोफेसर को फ्रिज वाली बोतल देना."

चिकटपट्टीवर तुमचं अक्षर वाकडं झालं होतं. मी सवयीने बाटली उलटी धरून पाहिली. बुडबुडा नव्हता. तशा आजारपणात तुम्ही ती किती वेळा ओतून पुन्हा भरली असेल, कोण जाणे. मी विक्रमच्या समोर रडलो. त्याला वाटलं असेल, किती जीव होता याचा आईवर. तेही खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कपाट उघडलं. सगळ्या बाटल्या टेबलावर मांडल्या. शहरातच माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या प्रयोगशाळेत चालू यंत्र आहे. तिला फोन करून मी विचारलं, चार दिवस देशील का? ती म्हणाली, "सर, इतने सालों का रेन सँपल? आपके पास था? आपने तो कहा था, नहीं है…" मी म्हणालो, "हो. मी खोटं बोललो होतो." पहिल्यांदा मोठ्याने बोललो ते तिच्याजवळ. ती म्हणाली, "ले आइए, सर."

काकू, तुमचा पाऊस सुंदर आहे. हे मी या वेळी बघून सांगतोय. एवढी वर्षं कपाटात राहूनही बाटल्यांतलं पाणी जराही बिघडलेलं नाही, कारण एकाही बाटलीत हवा नाही. ठिपके एकामागून एक येऊन त्या जुन्या रेषेवर बसत गेले. पावसाळ्याचे एकीकडे, हिवाळ्याचे दुसरीकडे.

फक्त काही बाटल्या कुठेच बसेनात. भलत्याच हलक्या आणि सगळ्या जवळजवळ सारख्या. पाऊस असा नसतो. दोन वर्षांचे दोन पाऊस इतके सारखे कधी नसतात. मला वाटलं यंत्र चुकतंय. पुन्हा तपासलं. तेच. मग माझी विद्यार्थिनी पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली, "सर, ये तो देखिए."

यंत्र ठीक चालतंय ना याची खात्री करायला आम्ही रोज सकाळी नळाचं पाणी लावतो. त्याचा ठिपकाही पडद्यावर असतो. तुमच्या त्या बाटल्यांचे ठिपके बरोबर त्याच्यावर येऊन बसले होते. आपल्या नळाला येतं ते बरंचसं भाक्राच्या कालव्याचं, म्हणजे सतलजचं, म्हणजे वरच्या डोंगरांतल्या बर्फाचं पाणी. म्हणून ते इतकं हलकं. गच्चीवर पडलेल्या पावसाशी त्याचा घोळ होऊच शकत नाही.

मी चिकटपट्ट्या वाचल्या. नोव्हेंबर. नोव्हेंबर. पुन्हा नोव्हेंबर. हवामानाच्या नोंदी काढून बघितल्या. त्या महिन्यांत चंदीगडला पाऊस पडलेलाच नव्हता.

पाऊस पडला नव्हता, काकू, आणि मला ते कळलंही नव्हतं. मी पावसावर काम करणारा माणूस. एका कोरड्या महिन्याची भरलेली बाटली मी हातात घेतली, पिशवीत घातली, आणि एकदाही वर आभाळाकडे बघितलं नाही.

मग मला साहेबांनंतरची पहिली दिवाळी आठवली. तुम्ही फोन केला होतात आणि मी म्हणालो होतो, "हा महिना कोरडाच गेला की, काकू. बाटली नाही तर उगाच कशाला येऊ? आता पाऊस पडला की येतो." तुम्ही "बरं" म्हणालात. त्या घरातली ती तुमची पहिली एकटीची दिवाळी होती. 'दिवाळीला ये' असं म्हणणं तुमच्या स्वभावात नव्हतं. साहेब सीमेवर असतानाही तुम्ही कुणाला 'या' म्हणाला नसाल. पुढच्या वर्षी तुम्ही नळ सोडलात, बाटली भरली, बुडबुडा काढला, झाकण आवळलं आणि मला फोन केलात.

आणि मी येऊन सांगितलं, भूमध्य समुद्र.

म्हणजे तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं. डिसेंबरातल्या त्या सकाळी, करंजीचा डबा काढायच्या आधी. मी तुमच्या बाटल्या बघत नाही, हे तुम्हाला तेव्हापासून ठाऊक होतं. त्यानंतरही तुम्ही दर पावसाला गच्चीवर चढलात. गुडघे दुखत असताना चढलात. खरा पाऊस आला की खरा भरलात, तेलाच्या खालून, बुडबुडा न ठेवता. खोट्या माणसाच्या हातात तुम्ही खरं काम देत राहिलात. का? एखाद्या दिवशी मी कपाट उघडेन, असा भरवसा होता म्हणून? की साहेबांचं काम होतं म्हणून? की बाटली नसली तर मी येणार नाही, हे एकदा अनुभवलं होतं म्हणून? मी सगळी उत्तरं करून बघतो. शेवटचं उत्तर मला झोपू देत नाही.

आणि दर वेळी तुम्ही विचारत होतात, "काय म्हणाला माझा पाऊस?" मला वाटायचं तुम्ही पावसाबद्दल विचारताय.

त्या कार्यालयाला मी लिहून कळवलंय की पावसाचे नमुने आहेत, ते तुम्ही जमवलेत, आणि बैठकीत मी नाही म्हणालो ते खोटं होतं. त्याचं काय व्हायचं ते होईल. आपला वाद अजून सुटलेला नाही. तळ्याचं पाणी पुन्हा वर्षभर घ्यावं लागेल, तेव्हा थंडीतला पाऊस किती मुरतो ते कळेल. तुम्ही हराल असं मला आता वाटत नाही. जिंकलात तर सांगू कोणाला?

काल विक्रमने बोलावलं. सामान बांधणारे खाली खोकी भरत होते. फ्रिज रिकामा करून दारातच ठेवला होता. आलेख अजून त्यावर होता, कडा पिवळ्या पडलेल्या. "अंकल, छत पे वो पाइप-वाइप है, आप ले जाइए. नहीं तो किरायेदार फेंक देंगे."

मी वर गेलो. दुपारचं स्वच्छ ऊन होतं, पलीकडे शिवालिकच्या टेकड्या दिसत होत्या. नरसाळ्यात एक वाळलेलं पान होतं. डब्याच्या तळाशी तेल होतं, पुढच्या पावसासाठी तुम्ही ताजं घालून ठेवलेलं. मी डबा उचलला नाही. त्याच्यासमोर खाली बसलो, खिशातून कागद काढला आणि वाचायला लागलो. पहिल्या बाटलीपासून. हा जुलै असा होता, काकू. हा ऑगस्ट असा. हा फेब्रुवारी खरंच पश्चिमेकडून आलेला, तेवढं माझं चुकून बरोबर निघालं.

विक्रम चहाचे कप घेऊन वर आला. "किससे बात कर रहे हो, अंकल?"

"तुझ्या आईशी."

तो माझ्यासमोर एक कप ठेवून टाकीच्या कठड्यावर बसला. "तो बोलिए ना. मैं भी सुनता हूँ."

मी सगळं वाचलं. शेवटच्या जानेवारीपर्यंत. नोव्हेंबरच्या बाटल्या मी वेगळ्या ठेवल्या होत्या. त्यातली पहिली सोबत आणली होती. ती डब्याशेजारी ठेवली आणि तुमचा मुलगा ऐकत असताना म्हणालो:

"काकू, हा पाऊस नाही. हे तुमच्या नळाचं पाणी आहे, आणि त्याच्या आधीचं डोंगरातलं बर्फ. समुद्राची गोष्ट मी बाटली न उघडता सांगितली होती. सगळ्याच गोष्टी तशा सांगितल्या. तुम्ही मला घरी बोलावत होतात आणि मी नुसती बाटली घेऊन जात राहिलो. चुकलो, काकू. मला माफ करा."